नोकरी एक आणि नाव भलत्याच कामाने, अशी माणसं सांगा

मोडीवाला | शनिवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितोय कारण डोक्यात एक किडा वळवळतोय.

परवा फॅमिली ग्रुपवर मावसभावाने ते नेहमीचं फॉरवर्ड टाकलं. आवडीचं काम करा, चाकोरी मोडा, नोकरी म्हणजे गुलामी वगैरे आणि खाली मोठमोठ्या लोकांची नावं, ज्यांनी म्हणे राजीनामा फेकला आणि इतिहास घडवला. आता माझं वय ४४, एका बँकेत बॅक ऑफिसला आहे आणि गेली सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी मोडी वाचतो. आधी क्लास लावून शिकलो, आता बऱ्यापैकी लागते, जुनी खतं, वाटणीपत्रं, देवस्थानाचे कागद असं लोक आणून देतात. तर ते फॉरवर्ड वाचून जेवताना सहज म्हटलं, मीपण सोडू का नोकरी, पूर्णवेळ हेच करू. बायको भाजी वाढता वाढता म्हणाली, सोड की, फक्त घराचे हप्ते मोडीत भरता येतात का तेवढं उद्या बँकेत विचारून ये.

विषय संपला. पण झोप काही येईना म्हणून त्या यादीतली नावं एकेक करून बघत बसलो. डॉ. श्रीराम लागू होते त्यात. कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ मध्ये डॉक्टरकी बाजूला ठेवून पूर्णवेळ नाटकात आले, पुढच्याच वर्षी नटसम्राट. हे खरंच आहे. पण फॉरवर्डमध्ये हे नव्हतं की तेव्हा त्यांचं वय चाळिशी ओलांडलेलं होतं, पुण्यात प्रॅक्टिस करून झाली होती, आफ्रिकेत टांझानियाला टाबोरा नावाच्या गावात जाऊन डॉक्टरकी करून झाली होती आणि हे सगळं चालू असताना नाटकंपण चालूच होती. म्हणजे सकाळी उठून राजीनामा असं काही नाही, वीसेक वर्षं दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा राहिलेला माणूस आहे तो.

म्हणून विचारतोय, ज्यांनी नोकरी सोडलीच नाही किंवा फार उशिरा सोडली आणि तरी ज्यांचं नाव दुसऱ्याच कामाने राहिलं अशी माणसं सांगा. कुठल्याही क्षेत्रातली चालतील. आणि जमलं तर हेही सांगा की त्यांचे हप्ते कोण भरत होतं.


झणझणीत | शनिवार, रात्री ११:३०

वहिनींना +१००

बाकी नंतर लिहितो, आधी हसून घेतो.


खडूस_मास्तर | रविवार, सकाळी ७:०५

धाग्याला पहिलं नाव कापरेकरांचंच पाहिजे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५. फर्ग्युसनला शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं, आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. बत्तीस वर्षं. पुढची डिग्री नाही, कुठल्या संशोधन संस्थेत जागा नाही, दिवसा वर्ग आणि बाकीच्या वेळात आकडे.

६१७४ सगळ्यांनी ऐकलेलं असेल. कुठलाही चार आकडी अंक घ्या, सगळे आकडे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. जास्तीत जास्त सात वेळा, की ६१७४ येतंच. आणि एकदा आलं की तिथेच अडकतं. उदा. ३५२४ घ्या, ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

आपल्याकडचे मोठे गणिती याला पोरखेळ समजायचे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकनच्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा जगाला कळलं, तोवर हे निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. आणि हप्त्यांचं विचारलंत म्हणून सांगतो, पेन्शन पुरत नव्हती, निवृत्तीनंतर शिकवण्या घ्यायला लागल्या. स्वतःच म्हणायचे की दारुड्याला जशी दारू सुटत नाही तसे मला आकडे. मी स्वतः नाशिकचा, आयुष्यभर गणित शिकवलं आणि हे नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं, याची लाज वाटते.


डोंबोलीकर | रविवार, सकाळी ८:४०

मास्तर, आमचं गाव राहिलं की! त्यांचे डेम्लो नंबर म्हणून एक प्रकार आहे, ते डेम्लो म्हणजे आमची डोंबिवली. जीआयपी रेल्वेच्या (आताची मध्य रेल्वे) स्टेशनावर असताना सुचले म्हणून स्टेशनाचं तेव्हाचं नाव दिलं. आम्ही इथे लोकलची वाट बघताना फक्त शिव्या सुचवतो.


झणझणीत | रविवार, सकाळी ९:१५

मास्तर तुमचं ६१७४ फेल आहे. मी २१११ घेतला. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. आता ९९९ वजा ९९९ शून्य. संपलं. कापरेकर कॅन्सल.


खडूस_मास्तर | रविवार, सकाळी ९:२२

शून्य खाल्लंस बाळा. चार आकडी म्हटलं ना, मग ०९९९ धरायचं. ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. पुढे ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ६१७४. पाच पायऱ्या. अशी शून्यं खाल्ल्याबद्दल मी पोरांना बाकावर उभं करत असे.


झणझणीत | रविवार, सकाळी ९:२५

उभा राहिलो.


जनुक | रविवार, सकाळी १०:५०

मी बायोटेकवाला, मास्टर्सला असताना जेनेटिक मॅपिंगमध्ये कोसंबी फंक्शन म्हणून एक सूत्र होतं. क्रोमोसोमवर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते काढायचं सूत्र, १९४४ सालचं. दोन वर्षं मी समजत होतो की कोसंबी कुणीतरी जपानी शास्त्रज्ञ असणार, खरंच सांगतोय, कोबायाशी वगैरेसारखं वाटायचं. मग एकदा होस्टेलवर इतिहासवाल्या रूममेटच्या टेबलावर डी. डी. कोसंबींचं पुस्तक दिसलं आणि विचारलं हा कोण, तर म्हणे इतिहासकार. तोच माणूस!! दामोदर धर्मानंद कोसंबी. नोकरी गणिताची, आधी फर्ग्युसनला प्रोफेसर आणि मग १९४५ पासून मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत, आणि नाव भारताच्या इतिहासात.

ते इतिहासात शिरले कसे हे मला सगळ्यात भारी वाटतं. स्टॅटिस्टिक्सचा सराव करायचा म्हणून जुनी नाणी तोलायला घेतली. हजारो. चांदीचं नाणं हातोहात फिरलं की झिजतं, जितकं जास्त फिरलं तितकं वजन कमी, म्हणजे नुसत्या तराजूवरून कुठलं नाणं आधीचं कुठलं नंतरचं ते लावता येतं. मग प्रश्न पडला की ही पाडली कुणी, मग त्यासाठी संस्कृत, मग भर्तृहरीच्या पोथ्या, मग पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि लेणी पायी. जाता जाता, पुणे-मुंबई रोज डेक्कन क्वीनने जायचे.


गोंयकार | रविवार, दुपारी १२:१०

डीडी आमचे. १९०७ चा जन्म, गोव्यातला. आणि बापाचं लिहिल्याशिवाय पोराचं लिहू नये. धर्मानंद कोसंबी, सांखवाळचे, शाळा जेमतेम, बुद्धाबद्दल काहीतरी वाचलं आणि डोक्यात बसलं की हे मुळातून शिकायचं. घर, बायको, तान्हं मूल सोडून निघाले ते पुणे, काशी, नेपाळ करत सिलोनला पोचले, तिथे पाली शिकले. पुढे हार्वर्डला जाऊन काम केलं, फर्ग्युसनला पाली शिकवलं. आता तुमच्या धाग्याच्या भाषेत विचारायचं तर बाप निघून गेल्यावर घर कोणी चालवलं? उत्तर सोपं आहे आणि फॉरवर्डमध्ये ते नसतं.


तिरकस | रविवार, दुपारी १:३५

विषय चांगला आहे पण उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारलाय असं वाटतंय. हलकेच घ्या. तुम्हाला नोकरी सोडायची नाही, म्हणून नोकरी न सोडलेल्यांची यादी गोळा करताय. उडी मारणारे पण आहेत की. भातखंडे घ्या. विष्णू नारायण भातखंडे, एलएलबी, वकिली करत होते. सोडली ना सगळी? देशभर फिरून गवयांच्या पायाशी बसून चिजा लिहून घेतल्या, त्या छापल्या, दहा थाटांत राग बसवले, १९२६ मध्ये लखनौला कॉलेज उभं राहिलं. वकिली करत करत रविवारी हे झालं असतं का?

आणि फाळके. बायको-मुलांचा विचार करत बसले असते तर १९१३ मध्ये हरिश्चंद्र पडद्यावर आला नसता. काही कामं अर्धवेळ होतच नाहीत हो.


मोडीवाला | रविवार, दुपारी २:०० (संपादित)

तिरकस, पकडलंत. थोडंसं तसंच आहे, नाकारत नाही.

पण भातखंड्यांचं पूर्ण वाचा. १९०० मध्ये बायको गेली, १९०३ मध्ये एकुलती मुलगी गेली. वकिली त्यानंतर काही वर्षांनी सोडली. मागे कुणी खाणारंच उरलं नव्हतं. त्याला उडी म्हणायची की काय म्हणायचं मला कळत नाही, मला तरी ते वाचून हेवा वाटला नाही.


शेवंती | रविवार, दुपारी ३:२०

बायका-मुलांचा विचार करत बसले असते तर?? तिरकस, जरा बसा, चहा घ्या, मी सांगते.

सरस्वतीबाई फाळके. दादासाहेबांनी गिरगावात ख्रिस्तावरचा सिनेमा बघितला तेव्हा वय चाळिशीचं, हातात नोकरी नाही, छापखान्यातून भांडून बाहेर पडलेले. विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकल्या, फेब्रुवारी १९१२ ला लंडन गाठलं, कॅमेरा घेऊन आले. कर्ज देणाऱ्यांना पटवायला कुंडीतला वाटाण्याचा वेल कसा वाढतो त्याची छोटी फिल्म काढली. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला भोकं पाडावी लागायची, ती अंधारात बसून बाईंनी पाडलीत. केमिकल्स कालवली, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, दागिने दिले, आणि वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीतल्या साळुंके नावाच्या आचाऱ्याला उभं केलं, हे सगळे हसत हसत सांगतात. अंधारात भोकं पाडणाऱ्या बाईचं नाव दहा जणांना विचारून बघा.

तेव्हा धागाकर्ते, तुमचा प्रश्न हप्ते कोण भरत होतं हाच खरा प्रश्न आहे, पहिला नाही. आणि आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत एक तरी बाई आहे का?


तिरकस | रविवार, दुपारी ३:४१

चहा घेतला. मान्य.


अनुस्वार | रविवार, दुपारी ४:०५

फाळक्यांबद्दल एक. उडी वगैरे नाहीच ती. जेजे स्कूलला चित्रकला, बडोद्याला कलाभवनात फोटोग्राफी, मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ (तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं, स्टुडिओ बंद), मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाई, आणि मधल्या काळात जादूचे प्रयोगसुद्धा करायचे, प्रोफेसर केळफा या नावाने. फाळके उलटं वाचा. म्हणजे चाळिशीपर्यंत माणसाने जे जे करून सोडलं ते सगळं सिनेमात कामाला आलं. हे आपण अपयशांची यादी म्हणून वाचतो, ती खरं म्हणजे खरेदीची यादी आहे.


मालवणी_माणूस | रविवार, दुपारी ४:३०

फाळके फाळके चाललंय पण पहिला मान दादासाहेब तोरण्यांचा आहे हे कोण बोलणार? पुंडलिक १८ मे १९१२ ला लागला कोरोनेशनमध्ये, हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला त्याच थेटरात. जवळजवळ वर्षभर आधी.


अनुस्वार | रविवार, दुपारी ४:४४

तो नाटकाचा प्रयोग कॅमेऱ्यात घेतलेला होता, कॅमेरावाला इंग्रज आणि फिल्म धुतली लंडनला. त्यामुळे


मालवणी_माणूस | रविवार, दुपारी ४:४७

कॅमेरा कुणाचा यावर सिनेमा कुणाचा ठरतो का?? मग आजचे सगळे सिनेमे जर्मन आणि जपानी समजायचे का


संपादक | रविवार, दुपारी ५:१०

तोरणे-फाळके वादाला स्वतंत्र धागा काढावा. पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. इथे मूळ विषयावर बोला.


शेवंती | रविवार, संध्याकाळी ६:३०

मगाशी घाईत होते, आता नीट लिहिते.

इरावती कर्वे. १९०५ चा जन्म, ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या नदीवरून. १९२८ मध्ये पीएचडीला बर्लिनला गेल्या. सासरे कोण तर महर्षी कर्वे, अख्ख्या महाराष्ट्रात बायकांच्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा माणूस, आणि त्यांचा सुनेच्या जर्मनीला जाण्याला विरोध! नवऱ्याने, दिनकररावांनी, जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन पाठवलं. म्हणजे हप्ता इथे नवऱ्याने भरला, ही नोंद घ्या, मी एकतर्फी नाही. तिकडे गाइडचं म्हणणं होतं की युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवणच वेगळी, म्हणून त्याची बुद्धी वरचढ. ह्या बाईने कवट्या मोजल्या आणि आकडे तसं काही सांगत नाहीत असं त्याच गाइडला प्रबंधात लिहून दिलं. परत येऊन डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र उभं केलं, पुण्यात स्कूटरवरून फिरल्या, आणि सामान्य वाचकाला माहीत कशाने, तर महाभारतावरच्या लेखांनी.

दुसऱ्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, म्हणजे दुर्गाबाईंची बहीण. १९३३ मध्ये बंगलोरच्या इन्स्टिट्यूटला अर्ज केला तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारलं. बाई जाऊन ठाण मांडून बसल्या. घेतलं, पण वर्षभर कच्चा प्रवेश, आणि तुमच्यामुळे बाकीच्या संशोधकांचं लक्ष विचलित व्हायला नको अशी अट. नोबेलवाला माणूस हां हा. वर्षभराने काम बघून प्रवेश पक्का झाला आणि पुढे तिथे मुलींना दार उघडलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या आणि नंतर मुंबईत नीरेवर काम केलं, गरिबाच्या पोराला त्यातून काय पोषण मिळतं ते तपासलं.

सांगायचा मुद्दा, पुरुषांच्या गोष्टीत प्रश्न असतो नोकरी सोडू की नको. ह्या बायकांच्या गोष्टीत प्रश्न आहे आत घेतात की नाही.


खडूस_मास्तर | रविवार, संध्याकाळी ७:१०

सुंदर लिहिलंत शेवंतीताई. महर्षींच्या बाजूने एवढंच, ते स्वतः या धाग्यात बसतात. १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसनला गणित शिकवत होते. आश्रम १८९६ मध्ये काढला, तो हिंगण्याला हलवला तेव्हा दिवसा कॉलेज करून संध्याकाळी पायी हिंगणे गाठायचे. पावसाळ्यात त्या वाटेवर काय चिखल असेल विचार करा. चालण्याचं त्यांना काही नव्हतंच म्हणा, शाळकरी वयात परीक्षेला मुरुडहून सह्याद्री चढून साताऱ्याला चालत गेले होते आणि तिथे लहान दिसतोस म्हणून बसू दिलं नाही, तसेच परत. १०४ वर्षं जगले. सुनेला विरोध केला ते चुकलंच.


कऱ्हाडचा_पैलवान | रविवार, रात्री ९:००

खाशाबांचं नाव अजून कुणी घेतलं नाही??? खाशाबा जाधव, गोळेश्वर, ता. कराड. १९५२ हेलसिंकी, फ्रीस्टाइल, बँटम वजन, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, दुसरं मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेस, म्हणजे ४४ वर्षं.

आता हप्ते कोणी भरले ते ऐका. जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली तरी पुरेनात. तर राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर सर, त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. प्रिन्सिपलने! विद्यार्थ्यासाठी!! आज आपण पोराच्या कॉलेजात डोनेशन देतो. परत आल्यावर गावाकडं १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली असं आमच्याकडं अजून सांगतात, आणि मग खाशाबांनी काय केलं तर कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.

नोकरी म्हणाल तर १९५५ मध्ये पोलिसात, सब इन्स्पेक्टर. असिस्टंट कमिशनर होऊन रिटायर झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मेल्यावर. पद्म नाहीच. ह्यावर लिहायला लागलो तर रात्र पुरायची नाही म्हणून थांबतो, डोकं फिरतं.


गिरणगाव | रविवार, रात्री ९:४५

नारायण सुर्वे. जन्म कुठला, आईबाप कोण, माहीत नाही, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेलं पोर. त्यांनी स्वतःचं नाव दिलं. मग गिरणीत, हमाली, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिपाई, आणि पुढे त्याच म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. १९६२ मध्ये ऐसा गा मी ब्रह्म. १९९५ मध्ये परभणीला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

माझे वडील मिलमध्ये होते, कविता वगैरे काही कळायचं नाही त्यांना, पण सुर्वे म्हटलं की "आपला माणूस" एवढं म्हणायचे. तुमच्या फॉरवर्डवाल्याला विचारा, शिपायाने राजीनामा फेकायचा तर कुणाच्या तोंडावर फेकायचा आणि दुसऱ्या दिवशी खायचं काय.


बेळगावी | रविवार, रात्री १०:२०

आमचे किर्लोस्कर विसरू नका की ओ. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं, जेजेला गेले तर लक्षात आलं रंग नीट ओळखू येत नाहीत. झालं, चित्रकला बंद. मग मुंबईत व्हीजेटीआयला मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायला लागले, त्याला रंग कशाला लागतात? तिथे बढती डावलून अँग्लो इंडियन माणसाला दिली, हे उठून बेळगावात येऊन सायकलचं दुकान घालून बसले. मग लोखंडी नांगर. आणि नांगर दोन वर्षं खपेना, शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते. १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी.

रंग नीट दिसले असते तर एक बऱ्यापैकी चित्रकार झाला असता आणि नांगर लाकडीच राहिला असता बघा आणि काही वर्षं.


संत्रानगरी | सोमवार, सकाळी ६:५०

आता मी एक नाव सांगतो जे पुण्या-मुंबईच्या लोकांना बहुतेक माहीत नसेल. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. यांचं तर उलटंच, यांना क्रांती करायची होती आणि नाव शेतीत झालं. १८८४ चा जन्म, तरुणपणी जपानमार्गे अमेरिकेला, तिथे शेतीचं शिक्षण आणि सोबत गदर पार्टी, म्हणजे तिकडच्या भारतीय क्रांतिकारकांची संघटना. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मग बर्लिन, मॉस्को, सगळीकडे दारं बंद होत गेली, शेवटी १९२४ मध्ये मेक्सिको. तिथे चापिंगोच्या सरकारी कृषी शाळेत प्राध्यापक, मक्याच्या जातींवर काम, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा. डिएगो रिव्हेरा, जगातला एवढा मोठा चित्रकार, त्याने मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या भिंतीवर लोकांना भाकरी वाटणारा माणूस रंगवलाय, तो माणूस म्हणजे खानखोजे. वर्ध्याचा माणूस भाऊ!

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भारतात आले तर विमानतळावर अडवलं, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव कुणी खोडलंच नव्हतं. शेवटी नागपूरला राहिले, १९६७ मध्ये गेले. नागपुरात दहा लोकांना विचारा, नऊ जणांना माहीत नाही. दहावा मी.


अनुस्वार | सोमवार, सकाळी ९:३०

वा, हे खरंच माहीत नव्हतं. धाग्याचं सार्थक झालं.

माझ्याकडून एक छोटं, वसंतराव देशपांडे. आवाज कसा होता ते सांगायला नको, पण पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कित्येक वर्षं कारकुनी केली माणसाने. कट्यार १९६७ चं, म्हणजे खांसाहेब आफताब हुसेन साकारले तेव्हा वय ४७. दिवसा जमाखर्चाच्या नोंदी लिहिणारा हात रात्री तानपुऱ्यावर. त्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस किती नशीबवान आणि कदाचित त्याला पत्ताच नसेल.

आणि पुण्याचे दिनकर केळकर, घरचं चष्म्याचं दुकान, अज्ञातवासी नावाने कविता, आणि हयातभर गावोगाव फिरून अडकित्ते, समया, दौती, दरवाजे गोळा केले. मुलगा राजा लहानपणी गेला, त्याच्या नावाने म्युझियम. राजा केळकर म्हणजे गोळा करणारा माणूस असंच बहुतेकांना वाटतं.


तिरकस | सोमवार, दुपारी १:१५

कालपासून सगळं वाचलं. माझं अजूनही म्हणणं आहे की भातखंड्यांचं काम अर्धवेळ झालं नसतं. पण यादीकडे बघताना एक दिसलं, कापरेकर, कर्वे, सुर्वे, कोसंबी, इथे नोकरी म्हणजे बहुतेक वेळा मास्तरकी. संध्याकाळ मोकळी, मे महिना मोकळा, पगार थोडा पण पहिल्या तारखेला. बँकेच्या बॅक ऑफिसला ही सोय आहे का मोडीवाले? मला वाटतं कोसंबींचं अर्धं काम डेक्कन क्वीनने केलंय. तुमचा प्रवास किती तासांचा?


मोडीवाला | सोमवार, रात्री १०:५५

तिरकस, प्रवास दोन्ही वेळचा मिळून तीन तास, पण सेकंड क्लासात उभ्याने. कोसंबी उभ्याने जात नसावेत. तरी फोनवर कागदाचे फोटो ठेवतो, जागा मिळाली तर कुर्ल्यानंतर दोन-चार ओळी लागतात. शेजारचे लोक डोकावतात, एकाने विचारलं तमिळ का.

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. खर्डेकर सर आणि सरस्वतीबाई ही दोन नावं मी त्या फॅमिली ग्रुपवर टाकली, बाकी काही न लिहिता. मावसभावाने विचारलं हे कोण. बायकोने हा धागा वाचला, शेवंती यांना नमस्कार सांगितलाय. आणि म्हणाली की नोकरी सोडू नकोस पण रविवारी भाजी आणायला मी जाते, तू बस तुझ्या कागदांपाशी.


झणझणीत | सोमवार, रात्री ११:०२

हाच तुमचा खर्डेकर.


डोंबोलीकर | सोमवार, रात्री ११:३०

मोडीवाले, धाग्याशी संबंध नाही, पण विचारतो. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले तीन कागद आहेत, एकावर शिक्का आहे. सगळे म्हणतात जमिनीचे आहेत, आत्या म्हणते सावकाराचे आहेत, दोन पिढ्या भांडण चालू आहे. वाचून द्याल का? काय असेल ते देऊ.


मोडीवाला | सोमवार, रात्री ११:४१

पैसे नकोत. फोटो उजेडात काढा, कागद सपाट ठेवून, घडीवर सावली पडू देऊ नका, आणि मागची बाजूपण काढा, सावकाराचं असेल तर वसुलीच्या नोंदी बऱ्याचदा मागेच असतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पण १ तारखेनंतर, आमच्याकडे मार्च एंडिंग चालू आहे.